आईला झड दाखवायला आयर्लंडला नेलं

नवतपा, म्हणजे मेअखेरचे सगळ्यात कडक उन्हाचे नऊ दिवस, लागायच्या दोन दिवस आधी आम्ही नागपूर सोडलं. पहाटे दोनला सोनेगावला एअरपोर्टवर कॅबमधून उतरलो तेव्हासुद्धा हवा गरम, भिंतीला हात लावला तर भिंत गरम, आणि आईच्या हातात छत्री. लगेजमध्ये टाक म्हटलं तर म्हणे, "राहू दे वो, उतरल्या उतरल्या लागंल."

आम्ही पाच जण. मी, नवरा, अकरा वर्षांची पोरगी, सात वर्षांचा पोरगा आणि माझी आई, वय एकोणसत्तर. आई काटोलकडची, आमचा संत्र्याचा बगीचा आहे तिकडे, बाबा गेल्यापासून दादा पाहतो, पण खरं तर अजूनही आईच पाहते, फक्त आता फोनवरून. मागच्या जुलैत पेरण्या झाल्यावर पावसाने तीन आठवडे दांडी मारली, दुबार पेरणीची वेळ आली, तेव्हा आमच्याकडे मनीषनगरला राहायला आलेली आई गॅलरीत उभी राहून आभाळाकडे पाहत म्हणाली होती, "मले एकदा अशी झड पाह्यची हाये का जे थांबतच नाई." पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी सांगते, आमच्याकडे झड म्हणजे मुसळधार नाही हं, झड म्हणजे दोन-दोन तीन-तीन दिवस एका लयीत लागून राहिलेला बारीक पाऊस, सूर्य दिसत नाही, कपडे वाळत नाहीत, आणि पाणी वाहून न जाता जमिनीत मुरतं. आईच्या लहानपणी पोळ्यापर्यंत अशा चार-पाच झडी हमखास यायच्या म्हणते, आता एखादी आली तर आली.

मग यंदा नवऱ्याचं तीन दिवसांचं ऑफिसचं काम डब्लिनला निघालं, त्याचं तिकीट कंपनीचं होतं, आणि मी म्हटलं की चला सगळेच जाऊ आणि पुढचे आठ दिवस आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर काढू. सगळ्यांनी विचारलं की आयर्लंड कायले, स्वित्झर्लंड जा, सिंगापूर जा, आईला कोकणात ने. पण मला आईला तीच झड दाखवायची होती, आणि मेच्या शेवटी कोकणात ती मिळत नाही. (व्हिसाचं लक्षात ठेवा, आयर्लंड शेंगेनमध्ये येत नाही, वेगळा काढावा लागतो. आणि दूध-तुपाचे पदार्थ बाहेरून नेता येत नाहीत, त्यामुळे संत्रा बर्फी न्यायची फार इच्छा होती पण नाही नेली.)

जायच्या आधी मी आकडे पाहिले होते आणि मलाच विश्वास बसला नव्हता. नागपूरला वर्षाला साधारण ११०० मिलिमीटर पाऊस पडतो. गॉलवेला, म्हणजे जिथे आम्ही राहणार होतो तिथे, ११०० ते १२००. म्हणजे जवळपास सारखाच! फरक एवढाच की आमचा बहुतेक सगळा पाऊस जून ते सप्टेंबरमध्ये आटपतो, त्यातही दहा-बारा मोठ्या पावसांत अर्धा होऊन जातो, आणि त्यांचा वर्षाच्या ३६५ पैकी सव्वादोनशे दिवसांत वाटून पडतो. वारे त्यांच्याकडेही नैऋत्येचेच, फक्त त्यांचा समुद्र अटलांटिक, आणि त्यात दक्षिणेकडून येणारा कोमट पाण्याचा प्रवाह आहे म्हणून इतक्या वर, ५३ अंशांवर असूनही तिथे हिवाळ्यात बर्फ फारसा टिकत नाही आणि गवत बाराही महिने हिरवं. आईला हे विमानात सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, "तेवढाच पाऊस? मंग देवानं आपल्याले असा गठ्ठ्यानं काऊन देला?"

डब्लिनचं फार सांगत नाही, तीन दिवस पोरांना बागा आणि म्युझियम दाखवले, शहर छान आहे. चौथ्या दिवशी भाड्याची गाडी घेतली, ड्रायव्हिंग आपल्यासारखंच डाव्या बाजूने आहे त्यामुळे नवऱ्याला टेन्शन नव्हतं, आणि पूर्वेकडून पश्चिमेला अख्खा देश आडवा पार करायला अडीच तास लागतात, म्हणजे आपलं नागपूर-अमरावती थोडं लांबवलं तर तेवढंच. अथलोनला शॅनन नदी ओलांडली आणि काचेवर भुरभुर सुरू झाली. आईने काच खाली केली आणि हात बाहेर काढला. मागून पोरगी ओरडली, आजी पाणी आत येऊन राहिलं, पण आईने काच वर नाही घेतली आणि कोणी तिला घ्यायला लावलीपण नाही.

गॉलवेच्या थोडं बाहेर एका बाईंच्या घरी दोन खोल्या घेतल्या होत्या, सकाळचा नाश्ता त्यांच्याकडे. साठीच्या पुढच्या असतील, नवरा गुरंवाला, घरामागे जमीन. आम्ही भिजून दारात उभे, आणि त्या हसून म्हणाल्या, 'सॉफ्ट डे'. म्हणजे मऊ दिवस. तिथे अशा भुरभुर पावसाच्या दिवसाला मऊ दिवस म्हणतात! हा शब्द मी आईला समजावून सांगितला तेव्हा तिला इतका आवडला की पुढे रोज सकाळी पडदा बाजूला करून ती सांगायची, आज मऊ हाये, आज कडक हाये. दारावर एक पाटी होती त्यांच्या भाषेत, केद मीले फॉल्चा, म्हणजे शंभर हजार वेळा स्वागत. पोरगा लगेच म्हणाला की म्हणजे एक लाख.

घरात बसायच्या खोलीत आगोटी, म्हणजे शेकोटी होती आणि त्यात लाकूड नाही, टर्फ जळत होता. दलदलीच्या जमिनीत हजारो वर्षं कुजून दबलेलं गवत-शेवाळ असतं, ते विटांसारखं कापून काढतात, उन्हावाऱ्यात वाळवतात आणि जाळतात. पर्यावरणासाठी आता त्याच्या विक्रीवर बंधनं आली आहेत, पण ज्यांचे जुने हक्क आहेत ते स्वतःपुरतं कापतात. आई त्या आगोटीजवळ गेली आणि तिथेच खाली बसली. वास गोवरीसारखा, अगदी तसाच नाही, पण चुलीत रोडगे भाजताना राखेतून येतो त्याच्या जवळचा. त्या बाईंनी धावत खुर्ची आणली, पण आई म्हणाली की इथंच बरं. तिथला सोडा ब्रेड पण ताकात भिजवतात, यीस्ट नाही, कणीक, मीठ, खायचा सोडा आणि ताक. आईने दुसऱ्या दिवशी सकाळी उभं राहून पाहिला कसा करतात आणि मला म्हणाली, "हे तर आपल्या पानग्याची बहीण हाये." आईला इंग्रजी येत नाही, त्या बाईंना मराठी येत नाही, मी मध्ये भाषांतर करत होते पण दुसऱ्या दिवसापासून माझी गरज फार उरली नाही. आमचं आडनाव मराठी आहे हे कळल्यावर त्यांनी विचारलं की वराडकर तुमच्याकडचे का. लिओ वराडकर २०१७ मध्ये तिथले पंतप्रधान झाले, त्यांच्या वडिलांचं मूळ गाव मालवणजवळचं वराड. मी म्हटलं हो, आमच्याच राज्याचे, पण ते समुद्राकडचे आणि आम्ही एकदम दुसऱ्या टोकाचे.

आईचा सगळ्यात मोठा गोंधळ संध्याकाळी व्हायचा. मेच्या शेवटी तिथे सूर्य रात्री दहाच्या सुमाराला मावळतो. दिवेलागण करायची कधी? पहिल्या दिवशी ती वाट पाहत बसली, नऊ वाजले तरी उजेड. मग तिने ठरवलं की आपली वेळ ती आपली वेळ, सातला हातपाय धुऊन खिडकीत लख्ख उजेडात ती शुभंकरोति म्हणायची आणि दोन्ही पोरं तिच्या बाजूला उभी राहायची. नागपुरात पोरं हे करत नाहीत.

आता आईने काय पाहिलं ते सांगते, कारण मी जे पाहायला गेले होते आणि तिने जे पाहिलं ते वेगळंच होतं. मला क्लिफ्स ऑफ मोहर पाहायचे होते, समुद्रातून सरळ उभे कडे, सगळ्यात उंच जागी २१४ मीटर. गेलो तर धुकं. पक्ष्यांचा कलकलाट ऐकू येतोय, समुद्राचा आवाज खालून येतोय आणि दिसत काहीच नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी परत गेलो तेव्हा मोकळं होतं, पोरांना दुर्बिणीतून पफिन दिसले, लाल-नारिंगी चोचीचे छोटे पक्षी, उन्हाळ्यात तिथे घरटी करतात, पोरगी अजून त्यांचीच चित्रं काढून राहिली आहे. आईने कडे पाहिले, हात जोडले, आणि मग पाठ फिरवून मागची शेतं पाहत उभी राहिली. मैलोनमैल दगडी धुरे, म्हणजे शेतांचे बांध. चुना नाही, सिमेंट नाही, दगडावर दगड, मध्ये फटी ठेवलेल्या, म्हणजे वारा आरपार जातो आणि भिंत पडत नाही. "एवढे गोटे वेचले असतीन कोणं," ती म्हणाली. आमच्या वावरातले गोटे वेचण्यात तिची अर्धी जवानी गेली आहे, त्यामुळे ती जे म्हणत होती ते मोजून म्हणत होती.

तिथून जवळच बरेन म्हणून भाग आहे, सगळा उघडा चुनखडीचा दगड, फटींमधून निळी छोटी फुलं. तिथले शेतकरी गुरांना उन्हाळ्यात खाली ठेवतात आणि हिवाळ्यात डोंगरावर चढवतात, सगळ्या जगाच्या उलट, कारण दगड उन्हाळ्याची ऊब धरून ठेवतो आणि वर पाय रुतत नाहीत. आणि डुलिनहून बोटीने इनिशीर बेटावर गेलो, अर्ध्या तासाच्या आतला रस्ता आहे पण पहिल्या दिवशी समुद्र खवळला म्हणून बोट रद्द झाली होती. त्या बेटांवर मातीच नव्हती, नुसता खडक. लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या समुद्रावरून रेती आणि समुद्रशेवाळ टोपल्यांनी वाहून आणून थरावर थर घालून शेतं तयार केली. हे तिथल्या माणसाने सांगितलं आणि मी आईला सांगितलं, तर आई खाली वाकली, धुऱ्याच्या आतली चिमूटभर माती उचलली, बोटांत चोळली आणि वास घेतला. मग माती परत जागेवर ठेवली, हात झटकला नाही.

गॉलवेतल्या पाचव्या दिवशी आम्ही किनाऱ्याच्या रस्त्याने कॉनेमाराकडे गेलो. या भागात लोक घरी आयरिश बोलतात, पाट्यांवरचं इंग्रजी संपतं. डोंगर, तळी, तपकिरी दलदल, पुन्हा तळी, मेंढ्या रस्त्यात बसलेल्या, आणि पाऊस, अखेर तसा पाऊस, सकाळी सातला लागला तो दुपारी तीनपर्यंत एका लयीत. मी मागे वळून म्हटलं, आई बघ, लागली झड. ती म्हणाली पायते आहो. मग थोड्या वेळाने म्हणाली गाडी थांबवा जावईबापू.

किलरी म्हणून समुद्राचा एक लांब चिंचोळा फाटा डोंगरांच्या मध्ये शिरला आहे, त्याच्या काठावर होतो आम्ही. आई समोरच्या डोंगराकडे बोट दाखवून म्हणाली, "ते वरंबे कोणाचे?" मला काहीच दिसेना. हिरवा उतार, गवत, मेंढ्या. ती म्हणाली नीट पाय. आणि मग दिसलं, गवताच्या खाली डोंगरावर वरून खाली सरळ रेषा, एकाला लागून एक, शेकडो. सरी-वरंबा. इतक्या उंच, इतक्या चढावर, जिथे आपण कापूससुद्धा लावणार नाही.

ते बटाट्याचे वरंबे. मला आयर्लंडच्या दुष्काळाची गोष्ट वाचून माहीत होती पण तो अजून डोंगरावर दिसतो हे माहीत नव्हतं. चांगली जमीन जमीनदारांची, त्यावर धान्य आणि गुरं, आणि कुळांच्या वाट्याला असे उतार, ज्यात फक्त बटाटा जगवता यायचा, तर गरिबांचं सगळं जेवण बटाट्यावर. १८४५ मध्ये बटाट्यावर करपा आला. कोरडी हवा असती तर एवढा पसरला नसता, पण तिथली हवा ओली, दमट, मऊ, आणि करप्याला तेच लागतं. दुसऱ्या वर्षी तर जवळपास सगळंच पीक गेलं. पुढच्या काही वर्षांत साधारण दहा लाख माणसं उपासमारीने आणि तापाने मेली, दहा लाखांहून जास्त बोटींत बसून देश सोडून गेली, आणि त्याच काळात तिथलं धान्य आणि गुरं जहाजांनी इंग्लंडला जातच होती. १८४१ च्या जनगणनेत त्या बेटावर ८१ लाखांच्या वर माणसं होती, आज अख्खं बेट धरून ७० लाखांच्या आसपास आहेत. एवढ्या वर्षांनी सुद्धा भरून नाही निघालं. त्या वरंब्यांवर नंतर कोणी पेरलं नाही म्हणून ते तसेच राहिले.

मी हे सगळं गाडीत बसून, वायपर चालू, आईला सांगितलं. सरकारने तेव्हा अमेरिकेतून मका मागवला होता आणि लोकांना तो शिजवताच येत नव्हता, पोटं बिघडायची, हे सांगितलं तेव्हा आई म्हणाली, "मिलो." ७२ च्या दुष्काळात ती सतरा वर्षांची होती, रेशनवर अमेरिकेतून आलेली लाल मिलो ज्वारी मिळायची, त्याची भाकर थापली की तुटायची, वास यायचा, आणि तिच्या लहान भावाला ती पचत नव्हती. हा मामा मी कधी पाहिलेला नाही. आईने त्याच्याबद्दल याआधी मला कधी सांगितलं नव्हतं, एवढंच माहीत होतं की एक भाऊ लहानपणी गेला. पोरं मागे चूप बसली होती. बाहेर झड चालूच.

"आपल्याकडे न पडल्यानं मरते, इथं पडल्यानं मेले," ती म्हणाली, आणि मग लगेच, "दादाले फोन लाव."

दादाशी ती रोज बोलायचीच. कारण ते दिवस फार महत्त्वाचे असतात, मृग बहाराचा बगीचा तेव्हा ताणावर असतो. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी, संत्र्याला नुसतं पाणी देत राहिलं तर झाड पानंच काढत राहतं, फूल धरत नाही. बहार पाहिजे तर आधी पाणी तोडावं लागतं, भर मेच्या उन्हात, महिना-दीड महिना, पानं मलूल होऊन वळायला लागेपर्यंत. मग पाऊस आला की ताण तुटतो आणि झाड एकदम कळ्यांनी भरून जातं. किती ताण द्यायचा हे जमिनीप्रमाणे असतं, जास्त झाला तर झाड मरतं, कमी झाला तर बहार येत नाही. बाबा असताना हा निर्णय दोघं मिळून घ्यायचे, रोज संध्याकाळी बगीच्यात जाऊन पानं हातात घेऊन.

त्या रात्री गॉलवेला परत आलो तेव्हा त्या बाईंचे यजमान आगोटीजवळ बसले होते, वैतागलेले. गवत कापायचं आहे आणि तीन दिवस सलग कोरडे मिळत नाहीत. काळ्या प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले मोठे गोल गठ्ठे आम्ही सगळीकडे पाहत होतो ते काय, तर मुरघास, आईने बरोबर ओळखलं होतं, वाळवता येत नाही म्हणून आंबवून ठेवतात. आणि करपा अजून आहे, तिथलं हवामान खातं आजही उन्हाळ्यात बटाट्याच्या करप्याचा इशारा देतं. आईने त्यांना विचारलं, म्हणजे मी विचारलं, की झाडं का नाहीत, फळं का नाहीत. ते म्हणाले वारा, थंडी, ऊन नाही. आईने मान डोलावली पण मला मराठीत म्हणाली, "ते तर हायेच. पण इथं जमिनीले ताणच बसत नाई वो. तिले तहानच नाई लागत, मंग फूल कायले काढंल?" मी हे जसंच्या तसं इंग्रजीत सांगायचा प्रयत्न केला. मग ताण म्हणजे काय ते सांगितलं. ते दोघंही पुढे सरकून ऐकत होते, बाईंनी दोनदा विचारलं की म्हणजे मुद्दाम? मुद्दाम पाणी बंद करता, ४५ डिग्रीत? आई म्हणाली हो, आणि पाहता पाहता आपला जीव पण सुकते. बाईंनी सांगितलं की फुलं आली की मला फोटो पाठवा.

शेवटचे दोन दिवस फिरलो, पाऊस आला, गेला, आला. गॉलवेत समुद्राच्या काठाने लांब रस्ता आहे, तिथे एकदाचं ऊन पडलं तर अख्खं गाव बाहेर. १६ डिग्री होतं आणि लोक कपडे काढून पाण्यात उड्या मारत होते, आणि आई स्वेटर, वरून शाल, वरून रेन जॅकेट घालून बाकावर. छत्रीचं सांगायचं राहिलं. पहिल्याच दिवशी वाऱ्याने उलटी होऊन काड्या तुटल्या, तिथे छत्री चालतच नाही, कोणी जात असाल तर चांगलं जॅकेट आणि ओले न होणारे बूट न्या. खाण्याचं शाकाहारी लोकांनी घाबरू नये, भाजीचं सूप आणि ब्रेड सगळीकडे मिळतो आणि बटाटा किती प्रकारचा असू शकतो ते मला तिथे कळलं.

जूनच्या पहिल्या आठवड्यात परत आलो. विमानातून उतरलो आणि तोंडावर तीच गरम हवा. पोरगी म्हणाली शी, आणि आईने दादाला फोन लावला. मृग लागला, गेला की काय असं वाटलं इतका कोरडा, आणि मग १७ तारखेला रात्री काटोलकडे पडला. सकाळी दादाचा फोन आला तेव्हा ती पोहे खात होती, पाऊस किती झाला हे तिने विचारलंच नाही, आधी विचारलं, "पानं कशी होती आधी? वळली होती का?" दादा म्हणाला वळली होती. "चांगली?" चांगली वळली होती. तिने प्लेट बाजूला ठेवली आणि त्याच दिवशी एसटीने काटोलला निघून गेली.

कळ्यांचा फोटो मला जुलैच्या सुरुवातीला आला, दादाने काढलेला, फांदीच्या मागे आईचा हात. मी तो गॉलवेला पाठवला. तासाभराने उत्तर आलं, किती सुंदर, वास कसा असतो, आणि खाली एक फोटो, कापलेलं गवत शेतात पडलेलं आणि त्यावर पाऊस. आईला फोन करून सांगितलं. तेव्हापासून सकाळी तिचा फोन आला की आधी नागपूरला पडला का विचारते, मग त्यांचं गवत वाळलं का ते विचारते.